शिडाच्या बोटीला पंखा (प्रॉपेलर) कुठला? दोन पाती, तीन पाती की मिटणारा?

शिडवाला_टिळकवाडी | ८ जून, रात्री १०:१२

मंडळी, बेळगावात समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. त्यावरचे विनोद ऐकून झालेत, तेवढे सोडून बोला.

गेल्या दिवाळीत मी आणि मेव्हण्यानं भागीत एक जुनी ३१ फुटी शिडाची बोट घेतली. गोव्यात मांडवी नदीत बांधलेली असते. शनिवारी पहाटे चारला निघायचं, चोर्ला घाट उतरायचा, ऊन चढायच्या आत बोटीवर. मी, बायको, दोन पोरं (११ आणि ७) आणि आई. आईला शिडाबिडाशी देणंघेणं नाही. ती आत बसून मटार सोलते आणि दर अर्ध्या तासानं "किनारा दिसतोय न्हवं?" म्हणून विचारते.

इंजिन यानमार २जीएम२०, गिअरबॉक्स २.६२ ला १. पाण्यात टेकणारी लांबी २५ फूट, वजन पाच टनांच्या आसपास. पंखा काशाचा, तीन पात्यांचा, एकसंध. बॉसवर (पंख्याच्या मधल्या गड्ड्यावर) ठोकलेलं आहे "१५ आरएच १२", म्हणजे व्यास १५ इंच, उजवी फिरकी, पिच १२ इंच (न घसरता एका फेऱ्यात पंखा पुढं सरकेल ते अंतर).

तक्रारी अशा. एक, नदीत सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटल दिला तरी आरपीएमची सुई २९०० च्या वर जात नाही. पुस्तकात सलग चालवायला ३४०० लिहिलंय. मागनं काळा धूर, पांढऱ्या बोटीचा पार्श्वभाग तव्यासारखा झालाय. वेग ६ नॉट (ताशी ६ सागरी मैल). दोन, शिडावर जाताना शाफ्ट गरागरा फिरतो आणि खालनं घूं घूं आवाज येतो. शेजारची तेवढीच बोट, तिला मिटणारा पंखा आहे (शिडावर जाताना पाती मागं मिटतात), ती हलक्या वाऱ्यात आमच्या पुढं सटकते. तीन, रिव्हर्स टाकला की ढुंगण डावीकडं जातं, सुकाणू काही का करेना.

बोट मेच्या शेवटी वर काढली आहे. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. माझ्यासमोर तीन वाटा: बाहेरून मिटणारा मागवायचा, साधा दोन पात्यांचा घालायचा, किंवा आपल्या उद्यमबागेत ओतून घ्यायचा. क्रँकशाफ्ट होतात, हायड्रॉलिक पंप होतात, मग १५ इंची पंखा का होऊ नये? सांगा की ओ.

ता. क. परवा फोनवर मेव्हण्याला "गोरी कितीला पडेल?" म्हणून विचारत होतो. गोरी हा डेन्मार्कचा मिटणारा पंखा आहे, हे आईला समजावायला रात्रीचं जेवण संपलं.

हिंडलग्याचा_हौशी | ८ जून, रात्री १०:४०

राकसकोप जलाशयात टाका बोट. पेट्रोल वाचेल.

शिडवाला_टिळकवाडी | ८ जून, रात्री १०:४१

डिझेल आहे ओ.

उद्यमबागेतला_साचेवाला | ९ जून, सकाळी ७:०५

तीस वर्षं ओतकामात गेली, म्हणून तुमच्या तिसऱ्या वाटेवर आधी मीच पाणी ओततो.

तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय. जुना पंखा वाळूत दाबायचा, ठसा घ्यायचा, धातू ओतायचा, झालं. कासं थंड होताना साधारण दोन टक्के आकसतं. म्हणजे १५ इंचाचा पंखा १४.७ वर येणार. पॅटर्न (ठसा घ्यायचा नमुना) मोठा केला तरी पाती जाडीला पातळ, बॉस जाड, दोन्ही एकाच वेळी थंड होत नाहीत, त्यामुळं पाती पिळवटतात. एका पात्याचं पिच ११, दुसऱ्याचं १२, तिसऱ्याचं कायतरी. तो पंखा फिरणार, पण बोट थरथरणार आणि शाफ्टचं बेअरिंग खाणार.

धातूचंही बघा. चांगले पंखे निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात: तांबं ८० च्या आसपास, ॲल्युमिनियम ९-१०, निकेल आणि लोखंड पाच-पाच. हा रस ओतताना जरा खळबळला की ॲल्युमिनियमची साय आत गुंडाळली जाते आणि पात्यात चीर लपून राहते. तो खालून, सावकाश भरावा लागतो. आमच्याकडं पंपाच्या इम्पेलरला गनमेटल चालतं, ८८-१०-२ (तांबं, कथील, जस्त). ते समुद्राला टिकतं, पण पातळ पात्याला तेवढा जोर नाही. आणि कुणी "मँगनीज ब्राँझ" म्हणून दिलं तर नावावर जाऊ नका. त्यात जस्त ४० टक्क्यांच्या जवळ असतं, मुळात पितळच. खाऱ्या पाण्यात जस्त निघून गेलं की पातं गुलाबी दिसायला लागतं आणि बिस्किटासारखं मोडतं.

तुमचा सध्याचा पंखा काढलात की एका पात्याच्या टोकाला बारीक कानस मारून रंग बघा. पिवळसर सोनेरी असला तर ठीक. गुलाबी असला तर भंगारात.

काढताना मात्र हातोडी लावायची नाही. पुलर (पंखा शाफ्टवरून ओढून काढायचं अवजार) लागतो. नसला तर माझा घेऊन जा, पण परत द्या.

निपाणीकर_चीफ | ९ जून, दुपारी १:२०

जहाजावर चीफ इंजिनिअर होतो, आता निपाणीत शेती बघतो. साचेवाले बरोबर बोलले.

टिळकवाडीकर, तुम्ही पंखा "कुठला" हे विचारताय, पण तुमच्या धुरानं उत्तर आधीच दिलंय. पिच जास्त आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर टॉप गिअरवर चढ चढवा, तो जसा कण्हतो, धूर ओकतो आणि आरपीएम घेत नाही, तसं तुमचं इंजिन रोज करतंय. १६ घोड्यांचं इंजिन असून तुम्ही अंदाजे साडेतेराच वापरताय, आणि तेही इंजिनाला त्रास देऊन. नवीन मिटणारा पंखा याच मापाचा आणलात तर पैसे जाऊन धूर तसाच राहील.

कागद घ्या. ३४०० भागिले २.६२, म्हणजे शाफ्ट १२९८ फेरे. एका सागरी मैलात ७२,९१३ इंच, त्याला ६० नं भागलं की १२१५. म्हणून पिच गुणिले शाफ्टचे फेरे भागिले १२१५, हा पंख्याचा न घसरता होणारा वेग, नॉटमध्ये. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, स्क्रू घट्ट धरत नाही. जड शिडाच्या बोटीत ४० ते ४५ टक्के घसरण धरायची.

तुमच्या बोटीचा पाण्यातला कमाल वेग: २५ चं वर्गमूळ ५, गुणिले १.३४, ६.७ नॉट. त्याच्या पुढं जायला इंजिन नव्हे, वेगळी बोट लागते. साडेसहा धरा. ६.५ गुणिले १२१५ भागिले १२९८ म्हणजे ६.१ इंच. घसरण ४० टक्के धरली तर १०, ४५ धरली तर ११ इंच पिच. तुमचा १२ आहे.

उलट तपासा. २९०० ला शाफ्ट ११०७, पिच १२, न घसरता ११ नॉटच्या जवळ. तुम्ही म्हणता ६. म्हणजे घसरण ४५ टक्के. हिशोब जुळतो, तुमची सुई खरं बोलते.

पंखा १० वर आणा. पाती तापवून-वाकवून एक-दोन इंच पिच बदलता येतं, नवीन घ्यायची गरज नाही. व्यास कमी करायच्या भानगडीत पडू नका. एक इंच व्यास म्हणजे दोन-अडीच इंच पिचएवढा भार, आणि हळू चालणाऱ्या बोटीला मोठा व्यासच ढकलतो.

अट एकच: पुस्तकातला आकडा पूर्ण थ्रॉटलला, माणसं आणि पाण्याच्या टाक्या भरून, तळ स्वच्छ असताना यायला पाहिजे. रिकाम्या बोटीवर आला तर फसगत.

शिडवाला_टिळकवाडी | ९ जून, रात्री ९:३०

चीफसाहेब, दंडवत. जेवणाच्या टेबलावर हा हिशोब मुलाला सोडवायला दिला, त्यानं घसरण विसरून ६ इंच काढला आणि मला म्हणाला, बाबा, तुम्हाला फसवलंय.

पण मग शिडावरचं काय? शेजाऱ्याची बोट सटकतेच. आणि दोन पात्यांचा घातला तर ओढ कमी होणार न्हवं?

खानापूरकन्या | १० जून, सकाळी ११:१५

मिटणाऱ्याबद्दल मी बोलू शकते. आमच्या २९ फुटीला दोन पात्यांचा मिटणारा होता, पाच हंगाम वापरला.

आधी कौतुक. शिडावर खरंच फरक पडतो. दहा नॉटच्या आतल्या वाऱ्यात अर्धा नॉट कुठून तरी फुकट मिळतो. चार तासांच्या प्रवासात दोन मैल.

आता मार्च महिना, गोव्यातल्या शापोरा नदीचं तोंड, ओहोटी लागलेली. बोट तीन आठवडे उभी होती. वारा पडला म्हणून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, आणि अख्खी बोट अशी हादरायला लागली की कपाटातला कुंद्याचा डबा खाली आला. न्यूट्रल. परत टाकला, परत तेच. एक पातं उघडत होतं, दुसरं नाही. सांध्यात बार्नॅकल बसले होते, बोटीच्या तळाला चिकटतात ते पांढरे टोकदार कवचवाले जीव. नवरा मास्क लावून खाली गेला, मी नांगर टाकला. त्यानं चमच्यानं खरवडून काढले, हाताची कातडी सोलून वर आला. डोळ्यांसमोर वाळूची दांडी आणि तिच्यावर फुटणारी लाट.

युरोपातल्या थंड पाण्यातले लोक मिटणारे पंखे लावून वर्षभर निवांत असतात. आपल्याकडं कोमट पाणी आहे, तीन आठवड्यांत पंख्यावर बाग फुलते.

दुसरं, रिव्हर्स. मिटणारी पाती केंद्रोत्सारी जोरानं उघडतात, पण रिव्हर्समध्ये पाण्याचा रेटा त्यांना परत मिटवायला बघतो. पकड येते, पण उशिरा आणि कमी. जेट्टीला लागताना सासूबाई दोरी हातात घेऊन उभ्या असतील तर तो एक सेकंद फार मोठा वाटतो.

निपाणीकर_चीफ | १० जून, दुपारी २:०५

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात भर: मिटणारे आणि पाती फिरवून धारेला लावणारे हे दोन वेगळे प्रकार आहेत, लोक गल्लत करतात. गोरी, फ्लेक्सोफोल्ड ही मिटणारी, कळीसारखी. मॅक्स-प्रॉप धारेला लागणारा: पाती आपल्या अक्षावर फिरतात, रिव्हर्समध्ये पूर्ण उलटतात, त्यामुळं मागं जायला एकसंध पंख्यापेक्षाही जोरात. पिचही बदलता येतं. पण आत दातेरी चाकं आहेत, दर वर्षी ग्रीस भरायचं, आणि बार्नॅकल त्यालाही चुकत नाहीत. किंमत साध्याच्या कितीतरी पट.

दोन पात्यांबद्दल. तेवढीच ताकद पेलायला त्याला व्यास वाढवावा लागतो, तुमच्याकडं साधारण १६ इंच. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यात किती अंतर आहे ते मोजून सांगा.

शिडवाला_टिळकवाडी | १४ जून, रात्री ८:५०

भर पावसात चोर्ला उतरून मोजून आलो. टोक ते तळ बरोब्बर २ इंच.

निपाणीकर_चीफ | १४ जून, रात्री ९:१०

मग विषय संपला. अंतर व्यासाच्या निदान १० टक्के, जमल्यास १५ टक्के पाहिजे. आता २ इंच म्हणजे १३ टक्के. १६ इंची घातला की अंतर दीड इंच, साडेनऊ टक्के. प्रत्येक पातं तळाखालून जाताना डुग डुग करणार. दोन पात्यांची खरी मजा लांब कण्याच्या (तळाखालच्या लांब कीलच्या) बोटींना: शाफ्टवर रंगाची खूण करायची, पाती उभी करून कण्याच्या आड लपवायची. तुमचा पंखा ब्रॅकेटवर (शाफ्ट धरणाऱ्या आधारावर) उघड्यावर लटकतोय, लपायला जागाच नाही.

वेंगुर्ल्याचो_झील | १५ जून, सकाळी ६:२०

आमच्याकडे ह्येका पंखो म्हणतत. हिशोब सगळो बरोबर आसा, पण जाळ्याचा कोणी बोलूकच नाय. आता नीट मराठीत लिहितो, नाहीतर ॲडमिन ओरडतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टपासून सगळे ट्रॉलर एकदम बाहेर पडतात आणि तुमचा हंगाम सुरू होईपर्यंत पाण्यात तुटकी जाळी, नायलॉनच्या दोऱ्या तरंगत असतात. कुठलाही पंखा घ्या, एकदा तरी गुंडाळणारच. आवाज बदलला की लगेच न्यूट्रल. रिव्हर्स मारून सुटेल म्हणून मारू नका, दोरी बॉस आणि ब्रॅकेटच्या मध्ये शिरते आणि वितळून घट्ट बसते. इंजिन बंद, चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात. चावी वर ठेवायची नाही, वर पोरं असतात. दातेरी पावसुरी ठेवा, सरळ धारेची नायलॉनवर घसरते.

मिटणाऱ्यात दोरी सांध्यात शिरली की सुरीही पोचत नाही. आम्ही ट्रॉलरला साधे तीन-चार पात्यांचेच घालतो. पंधरवड्याला बुडी मारून खरवडायचं, झालं.

शिडवाला_टिळकवाडी | १५ जून, रात्री १०:००

झीलदादा, देव बरें करो. पावसुरी आजच घेतली. आता एकच: शिडावर जाताना शाफ्ट फिरू देऊ की गिअर टाकून अडवू? जेट्टीवर दोघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली.

खानापूरकन्या | १५ जून, रात्री १०:२२

आम्ही रिव्हर्समध्ये टाकून अडवायचो. मिटणाऱ्याला तसंच करतात, नाहीतर पाती मिटत नाहीत.

निपाणीकर_चीफ | १६ जून, सकाळी ८:००

मिटणाऱ्याला बरोबर, एकसंधला नाही. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात हे मोजून बघितलंय: अडवलेला पंखा फिरणाऱ्यापेक्षा जास्त ओढतो. शिवाय यानमारचं सांगणं आहे की शिडावर असताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. फिरू द्या. तुमचा घूं घूं पंख्याचा नाही, रबराच्या बेअरिंगचा वाटतो. शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघा. वर काढलीच आहे तर बदलून टाका.

आणि ढुंगण डावीकडं जातं हा दोष नाही, उजव्या फिरकीच्या पंख्याचा स्वभाव आहे. जेट्टीला डावी बाजू लावत जा, थांबताना रिव्हर्स दिला की बोट आपणहून चिकटेल.

उद्यमबागेतला_साचेवाला | १६ जून, दुपारी १२:३०

झिंकचं कुणी काढलं नाही अजून. मांडवीत जस्ताचा गोळा (स्वतः झिजून पंखा वाचवणारा) लावतासा काय?

शिडवाला_टिळकवाडी | १६ जून, दुपारी १२:४५

होय, शाफ्टला. मेमध्ये काढला तेव्हा निम्मा शिल्लक होता, वर पांढरं कवच.

उद्यमबागेतला_साचेवाला | १६ जून, दुपारी १:१०

ते कवचच घात करतं. गोड्या पाण्यात जस्तावर पुटं चढतात आणि ते काम करायचं थांबतं. दिसायला निम्मा, उपयोगाला शून्य. नदीच्या मुखातल्या मिश्र पाण्याला ॲल्युमिनियमचा गोळा चांगला.

आणि हे गोडं पाणी कुठलं, सांगू? मांडवी म्हणजे आपली म्हादईच. खानापूर तालुक्यात भीमगडाच्या जंगलात उगम. आपल्याकडचा पाऊस तुमच्या पंख्याचं झिंक बंद पाडतोय.

खानापूरकन्या | १६ जून, दुपारी १:३०

नदी आमच्या तालुक्याची म्हणून थोडा मान घेऊ द्या. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करून आले, मग २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी न थांबता. दोघांची बोट म्हादईच. ५६ फुटी, गोव्यात दिवाडीला बांधलेली. नाव आमच्या जंगलातल्या ओढ्याचं आणि फिरून आली केप हॉर्न.

हिंडलग्याचा_हौशी | १६ जून, दुपारी १:३४

म्हणजे खानापुरात बोट सोडली तर आपोआप पणजीला जाते. पंखाच नको.

शिडवाला_टिळकवाडी | २० जुलै, रात्री ९:१५

प्रगती. साचेवाल्या काकांचा पुलर लावला, नट आवळत गेलो, काहीच नाही, काहीच नाही, मग "टक्क" करून पंखा सुटला आणि पोरगं घाबरून शिडीवरून उतरलं. कानस मारली, पिवळा सोनेरी निघाला. गोव्यातल्या एका प्रॉपेलर दुरुस्तीवाल्याकडं दिला, तिन्ही पाती १० वर आणून बॅलन्स करून मिळाला. त्याच्या आधी ज्याच्याकडं गेलो होतो त्यानं न मोजताच "टोकं कापून देतो" म्हटलं होतं, तिथनं पळालो.

बेअरिंग खरंच ढिलं होतं, बदललं. शाफ्ट २५ मिलिमीटर, उतार १ ला १०. काकांनी सांगितल्याप्रमाणं निळा रंग लावून बॉस बसवून बघितला, फक्त मोठ्या टोकाला टेकत होता. ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं घासला, दोन संध्याकाळी गेल्या. आता निळा सगळीकडं एकसारखा उमटतो.

उद्यमबागेतला_साचेवाला | २० जुलै, रात्री ९:४०

छान. बसवताना पातळ नट आधी, जाड नट वर. बहुतेक लोक उलटं करतात. स्प्लिट पिन नवी.

शिडवाला_टिळकवाडी | १९ ऑक्टोबर, रात्री ८:२०

काल पाण्यात. दोन्ही टाक्या भरलेल्या, सहा माणसं, आईच्या तीन पिशव्या. आग्वादच्या आत सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटल दिला. ३१००, ३२००, ३३००, सुई ३४०० वर जाऊन टेकली. मागं वळून बघितलं, धूर नाही. ६.३ नॉट. चीफसाहेबांचा हिशोब लावला, घसरण ४१ टक्के. २६०० ला आरामात साडेपाच, आणि आत बसून बोललेलं ऐकू येतं.

दुपारपर्यंत मतलई पडला, खारा वारा यायला अडीच वाजले, तोपर्यंत इंजिनच. नंतर शीड उभं केलं. शेजाऱ्याची मिटणारी आमच्या पुढं गेलीच, अर्धा नॉट म्हणा. घूं घूं मात्र बंद. जेट्टीला डावी बाजू लावून रिव्हर्स दिला, बोट मांजरासारखी चिकटली, आई दोरी न धरता उतरली.

मिटणाऱ्याचे पैसे तूर्त शिडात घालतोय. जुनं शीड पिशवीसारखं झालंय, त्यासाठी वेगळा धागा काढतो.

उद्यमबागेतला_साचेवाला | १९ ऑक्टोबर, रात्री ८:३५

ते सगळं झालं. पुलर कधी परत देतासा?